जुनी १०० सीसी गाडी ठाणे-नवी मुंबईत चालती ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणत्या गाड्यांसाठी आहे?

दहा वर्षांपुढच्या, कार्ब्युरेटरवाल्या, १०० ते १२५ सीसीच्या गाड्यांसाठी. स्प्लेंडर, पॅशन, सीडी डिलक्स, प्लॅटिना, सीटी १००, स्टार सिटी, शाइन, सगळ्या यात आल्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस ६ लागू झालं आणि या वर्गातही फ्युएल इंजेक्शन आलं. त्या गाड्यांना चेन, ब्रेक, टायरची उत्तरं लागू पडतील, कार्ब्युरेटरची नाहीत.

या गाड्या बहुतेक वेळा स्वस्तातली कामं राहून गेल्यामुळे भंगारात जातात. ऑइल वेळेवर बदललेलं नसतं, चेन ढिली असते, फिल्टर तुंबलेला असतो, आणि एक दिवस कोणीतरी सांगतं, "इंजिन गेलं". म्हणून पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात आधी स्वस्त तपासणी येईल आणि इंजिन उघडण्याची गोष्ट सगळ्यात शेवटी.

गाडीला पंधरा वर्षं झाली. दुरुस्त करत राहू की काढून टाकू?

आधी चेसिस बघा. सीट आणि साइड पॅनल काढा. बॅटरीच्या खालची जागा, मागच्या मडगार्डचे जोड, मेन स्टँड जिथे लागतो तो भाग आणि मागचा चिमटा (मागचं चाक धरणारा भाग) नीट तपासा. वरवरचा तांबूस गंज घासून रंग मारला की थांबतो. पण जाड स्क्रूड्रायव्हरने दाबल्यावर पापुद्रे निघत असतील किंवा जोडाशी चीर दिसत असेल, तर त्या गाडीवर पैसे घालू नका. ऐरोली, वाशी, बेलापूर या खाडीकाठच्या पट्ट्यात उघड्यावर राहिलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं. खारी हवा आधी सायलेन्सर आणि रिम खाते, मग चेसिसकडे वळते.

चेसिस सरळ आणि भक्कम असेल, कागद जागेवर असतील, तर माझं मत नेहमी एकच असतं: ठेवा. इंजिन खराब असलं तरी ठेवा. स्प्लेंडर १९९४ मध्ये आली, आणि तिच्या इंजिनाचं घराणं १९८५ च्या सीडी १०० पर्यंत मागे जातं. इतकी वर्षं चाललेल्या इंजिनाचा पार्ट कळव्याच्या गल्लीतही मिळतो आणि पनवेलच्या बाजारातही. दोन-चार वर्षं विकून बंद झालेल्या मॉडेलचं मात्र तसं नाही. त्या गाडीचं मीटर, वायरिंग किंवा एखादं कव्हर शोधताना जीव जातो.

खर्चाचा अंदाज कागदावर लिहून घ्या: इंजिन, चेन सेट, दोन टायर, ब्रेक, कोन सेट (हँडलचे बेअरिंग), बॅटरी. त्याच मॉडेलची चांगली चालती गाडी जेवढ्याला मिळते त्याच्या पुढे बेरीज गेली, तर थांबा.

वडिलांची गाडी माझ्याकडे आली आहे. सुरुवात कुठून करू?

ब्रेक आणि टायरपासून. बहुतेक जण पहिल्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकवायला गॅरेजला जातात. इंजिन बंद पडलं तर तुम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहाल. ठाणे-बेलापूर रोडवर ट्रेलरच्या मागे ब्रेक लागला नाही, तर उभं राहायची संधीही मिळणार नाही.

त्यानंतर हँडलचा कोन सेट आणि चाकांचे बेअरिंग. मग ऑइल, एअर फिल्टर, प्लग, टॅपेट (वॉल्व्हची फट), चेन. मग कार्ब्युरेटरची साफसफाई. एवढं झाल्यावर गाडी दोन आठवडे चालवा. पहिल्या दिवशी इंजिनाचे वाटणारे निम्मे आजार तोपर्यंत गेलेले असतात.

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं?

आपल्याकडच्या ट्रॅफिकमध्ये जुन्या इंजिनाला २,५०० ते ३,००० किमी. किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी बदलाच. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत फर्स्ट-सेकंडमध्ये सरकणारी गाडी मीटरवर थोडेच किलोमीटर दाखवते, पण तेवढा वेळ इंजिन तापतच असतं. हे इंजिन वाऱ्याने थंड होतं, आणि उभ्या गाडीला वारा कुठला? अशा वेळी ऑइलवरच सगळा भार येतो.

या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना १० डब्ल्यू ३० ग्रेडचं ऑइल चालतं, काहींना २० डब्ल्यू ४०. तुमच्या गाडीच्या पुस्तकात जे असेल तेच घाला. डब्यावर जॅसो एमए किंवा एमए २ (मोटारसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलं हवं. मोटारसायकलची क्लच प्लेट इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेली असते. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती क्लचला घसरवतात. मग ॲक्सिलेटर दिला की इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे जात नाही. "कारचं महाग ऑइल घातलं, तेवढीच गाडीला मजा" असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

लेव्हल बघताना गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा, दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, थोडं थांबा, काडी पुसून घाला आणि बघा. हिरो होंडाच्या इंजिनात काडी फिरवून बसवायची नसते, नुसती टेकवून बघायची. फिरवून बघितलं की लेव्हल खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि तुम्ही कमी ऑइलवर गाडी चालवत राहता. जास्त ऑइल भरणंही वाईटच. ते ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरपर्यंत जातं.

सीडी १०० च्या घराण्यातल्या इंजिनात कागदी ऑइल फिल्टर नसतो. तिथे बारीक जाळी असते आणि क्लचच्या कव्हरमागे फिरता फिल्टर असतो. फिरताना ऑइलमधला जड कचरा बाहेर फेकला जाऊन त्याच्या भिंतीला चिकटतो. वर्षानुवर्षं कोणी ते कव्हर उघडत नाही. क्लच प्लेट बदलायला कव्हर निघेल तेव्हा मेकॅनिकला सांगून तो फिल्टर आणि जाळी स्वच्छ करून घ्या. आतला काळा गाळ बघितला की वेगळं समजवावं लागत नाही.

ड्रेन बोल्ट बेताने आवळा. खालचं केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले की खर्च वाढतो. वॉशर नवा टाका.

गाडी ऑइल पिते आणि धूर काढते. हाफ इंजिन (बोअर, पिस्टन, रिंग आणि हेडचं काम) करावं लागेल का?

धुराचा रंग आणि वेळ बघा. सकाळी गार इंजिनातून थोडा पांढरा धूर निघून दोन मिनिटांत गेला तर ती वाफ आहे, विसरून जा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय: चोक अडकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा कार्ब्युरेटरची ट्यूनिंग गेली आहे. हे काम स्वस्त आहे.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रात्रभर उभ्या गाडीला स्टार्ट केल्यावर भपकन निघून थांबत असेल, किंवा उतारावर ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दिल्यावर निघत असेल, तर संशय वॉल्व्हच्या सीलवर. ती रबरी सील स्वस्त असतात. हेड उतरवावं लागतं, पण बोअरला हात लावायची गरज नसते. ॲक्सिलेटर दिल्यावर सतत निघत असेल, म्हणजे गायमुखच्या चढावर मागच्याला डोळे चोळावे लागत असतील, तर रिंग आणि बोअर झिजले आहेत.

खात्री करायची साधी पद्धत आहे. प्लग काढून भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडा, प्लग लावा आणि किक दाबून बघा. आधी हलकी लागणारी किक आता जड झाली, तर रिंग झिजल्या आहेत, कारण ऑइलने फट तात्पुरती भरली. फरक पडला नाही तर गळती वॉल्व्हकडे आहे. हेडचं काम सांगण्याआधी मेकॅनिकने ही तपासणी केली का, ते विचारा.

बोअर करायचाच झाला तर लेथवाल्याला पिस्टन आधी नेऊन द्या, म्हणजे त्या पिस्टनच्या मापानेच बोअर होईल. पिस्टन ०.२५ मिमीच्या पायरीने मोठे मिळतात. पहिल्यांदा ०.२५ वर भागत असेल तर थेट ०.५० ला जाऊ नका, पुढच्या वेळेसाठी माल शिल्लक राहू द्या. काम झाल्यावर पहिल्या ५०० किमीला ऑइल बदला आणि तोपर्यंत गाडी ताणू नका. पाम बीच रोड मोकळा दिसला तरी.

सकाळी किक मारून मारून पाय दुखतो. काय बघू?

पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन, याच क्रमाने.

पेट्रोल: कॉक चालू आहे का, रिझर्व्हला लावून बघा. कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीला ड्रेन स्क्रू असतो, तो सैल केल्यावर स्वच्छ पेट्रोल यायला हवं. पाण्याचे थेंब किंवा तांबडा गाळ आला तर टाकीतला गंज खाली उतरतोय. वाटी रिकामी करून पुन्हा भरू द्या. बऱ्याचदा एवढ्यावरच गाडी चालू होते.

ठिणगी: प्लग काढा, कॅपमध्ये लावा, प्लगचं लोखंडी अंग इंजिनाला टेकवा आणि किक मारा. जवळपास सांडलेलं पेट्रोल नसावं. निळी, कडक ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर आधी नवा प्लग, मग कॅप, मग कॉइल, आणि सीडीआय (ठिणगीची वेळ ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सगळ्यात शेवटी. सीडीआय महाग असतो आणि तो विनाकारण बदलला जातो. प्लगचा रंगही बघा: विटकरी-तपकिरी चांगला, काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, ओला तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी आणि इंजिन तापतंय. जुन्या १०० सीसीच्या बऱ्याच गाड्यांत प्लगची फट ०.६ ते ०.७ मिमी असते.

कॉम्प्रेशन: किक अगदी हलकी लागत असेल तर आधी टॅपेट तपासा, तेही इंजिन गार असताना. टॅपेट फार घट्ट असेल तर वॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं आणि कालांतराने वॉल्व्ह जळतो. थोडा टकटक आवाज करणारा टॅपेट घट्ट टॅपेटपेक्षा कितीतरी बरा. "आवाज बंद करून दे" असं मेकॅनिकला सांगू नका, "फिलर गेजने (फट मोजायच्या पट्ट्यांनी) माप बघून लाव" असं सांगा.

हे सगळं ठीक असूनही फक्त गार इंजिन त्रास देत असेल, तर कार्ब्युरेटरचा स्लो जेट तुंबलेला असतो. जेटमध्ये तार घालून साफ करू देऊ नका. भोक केसभर मोठं झालं तरी ॲव्हरेज कायमचं बिघडतं. क्लीनर मारा आणि हवेने उडवा.

गाडी दहा-बारा किलोमीटर छान चालते, मग बंद पडते. थोडं थांबलं की पुन्हा चालू होते.

पुढच्या वेळी बंद पडली की टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा जावी लागते. ते भोक साफ करायला पैसे लागत नाहीत. तसं नसेल आणि इंजिन तापल्यावरच बंद पडत असेल, तर कॉइल किंवा पिकअप कॉइल तापून दगा देतेय का ते बघायला सांगा.

ॲव्हरेज पडलं आहे. कार्ब्युरेटर बदलू?

नको. आधी मेन स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा. मोकळं फिरत नसेल तर ब्रेक घासतोय किंवा चेन ताणलेली आहे. टायरची हवा बघा. एअर फिल्टर बघा: स्पंजचा असेल तर रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, ऑइलमध्ये बुडवून पिळून लावतात, कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. मेट्रोची कामं आणि रेती-खडीचे ट्रक यांच्यामुळे घोडबंदरला धूळ इतकी आहे की तिथे रोज जाणाऱ्याने फिल्टर नेहमीपेक्षा लवकर उघडून बघावा. क्लच घसरतोय का तेही बघा.

आणि ॲव्हरेज मोजायचं तर टाकी काठोकाठ भरून, चालवून, पुन्हा तेवढीच भरून मोजा. रिझर्व्हला लागल्यावर शंभराचं पेट्रोल टाकून केलेला हिशेब खरा नसतो.

ई २० पेट्रोलने जुनी गाडी खराब होईल का?

थोडा परिणाम होतो, घाबरण्यासारखा नाही. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर आलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. लिटरमागे इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, म्हणून ॲव्हरेज काही टक्के पडणं स्वाभाविक आहे. लिटरमागे दहा-पंधरा किलोमीटर कमी झाले असतील, तर ते ई २० चं काम नाही. वरचं उत्तर वाचा.

खरी काळजी दोन गोष्टींची घ्यायची. पहिली, रबर. पेट्रोलची नळी, कार्ब्युरेटरचे ओ-रिंग, फ्लोटची सुई जुनी असेल तर फुगते किंवा कडक होऊन तडकते. नळी दाबून बघा, चिरा दिसल्या तर आजच बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं हा आगीचा धोका आहे. दुसरी, पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. जास्त पाणी मिसळलं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाशी बसतं. पावसाळ्यात अर्धी टाकी घेऊन आठवडाभर उभी राहिलेली गाडी म्हणूनच चालू व्हायला कटकट करते.

चेन आवाज करते. ग्रीस लावू का?

ग्रीस नको. त्याला धूळ चिकटते आणि चेन घासली जाते. रॉकेलने धुवा, पुसा आणि एसएई ९० गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे लावा. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली करून ढील साधारण २० ते ३० मिमी ठेवा. अगदी ताठ चेन गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ओढ आणते. चेन एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी घट्ट लागत असेल, तर ती असमान ओढली गेली आहे. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट बदला. जुन्या दात्यांवर नवी चेन टाकली तर तीही काही महिन्यांत जाते.

पूर्ण कव्हरवाल्या गाड्यांत चेन दिसत नाही म्हणून विसरली जाते. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून बघायचं.

ड्रम ब्रेक लागतच नाही, कितीही आवळला तरी. का?

मागच्या पॅनलवर बाण आणि खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत आला म्हणजे लायनर संपला. त्यानंतर रॉडचा नट आवळत बसणं धोक्याचं आहे, लायनर बदला. लायनर शिल्लक असूनही पकड नसेल तर तो चकचकीत, काचेसारखा झाला असेल. पॉलिश पेपरने घासून घ्या. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. ती फुप्फुसात जाऊ नये.

पुढचा ब्रेक जड, अडकणाऱ्या केबलमुळेही कमजोर होतो. केबल बदलल्यावर फरक लगेच जाणवतो. पुढचा ब्रेक वापरायचाच नाही अशी सवय अनेकांना असते. ती सोडा. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं आणि खरी पकड तिथेच मिळते.

टायरला खाचा दिसतात, मग बदलायचा का?

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा असल्या तरी रबर कडक झालेलं असेल आणि बाजूला बारीक चिरा असतील, तर पावसात तो टायर साबणासारखा घसरतो. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, तिथपर्यंत झिजला की वेळ संपली. टायर बदलताना ट्यूब आणि रिम टेपही नवी घ्या. हवा गार टायरमध्ये भरा, आणि डबल सीट जाताना मागच्या चाकात पुस्तकात सांगितली आहे तेवढी जास्त हवा ठेवा.

हँडल मधोमध अडकल्यासारखं वाटतं.

कोन सेट गेला. खड्ड्यांत आपटून आपटून आतल्या गोळ्यांनी वाटीत खळगे पाडलेले असतात. मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून हँडल हळू डावी-उजवीकडे फिरवा, मध्ये खाच लागली तर आवळून काही होणार नाही, सेट बदलावा लागेल. त्याच वेळी शॉकपच्या पाइपवर तेलाची कडी दिसते का बघा. सील गळत असेल तर ते आणि फोर्क ऑइल एकाच खोलण्यात करून घ्या, मजुरी वाचते. शीळफाटा, मुंब्रा बायपास करणाऱ्यांनी हे दर पावसाळ्यानंतर बघावं.

पावसाळ्याआधी काय काय करून घेऊ?

मे महिन्यात, गॅरेजमध्ये रांग लागण्याआधी. टायर, दोन्ही ब्रेक, सगळ्या केबलमध्ये ऑइल, प्लगच्या कॅपची रबरं, वायरिंगचे उघडे जोड, हॉर्न आणि मागचा लाल दिवा. मागचा दिवा लागत नसलेली गाडी धो-धो पावसात मागच्या ट्रकवाल्याला दिसत नाही. सायलेन्सर आणि चेसिसच्या खालच्या भागाला पातळ ऑइलचा हात मारा. वॉशिंगवाल्याला दाबाचं पाणी चाकांच्या ॲक्सलवर, मीटरवर आणि एअर फिल्टरच्या तोंडावर मारू देऊ नका.

विटाव्याच्या पुलाखाली पाण्यात गाडी बंद पडली. आता?

पहिली गोष्ट: सेल्फ किंवा किक, काहीही मारू नका. ढकलून कोरड्या जागी आणा. पाणी एअर फिल्टरच्या वाटेने सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरोखरच इंजिनाचं काम निघतं.

प्लग काढा. मग, प्लग बाहेर असताना, किक हळू मारा. पाणी असेल तर भोकातून बाहेर उडेल. एअर फिल्टरचा डबा उघडून पाणी काढा, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, प्लग आणि कॅप कोरडी करा. ऑइलची काडी बघा. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी आत गेलं आहे. तशी गाडी घरापर्यंतही चालवू नका. ऑइल काढा, नवं घाला, थोडं चालवून तेही पुन्हा बदला.

नुसतं सायलेन्सरमध्ये पाणी गेलं असेल किंवा कॅप भिजली असेल, तर पुसून गाडी चालू होते. नंतर काही अंतर दोन्ही ब्रेक हलके दाबत चालवा, लायनर वाळतात. आणि विटावा असो की ठाण्यातला वंदना डेपोचा परिसर, पाणी चाकाच्या ॲक्सलच्या वर दिसलं तर थांबा किंवा मागे फिरा. पाण्याखालचं उघडं गटार कोणालाच दिसत नाही.

हेडलाइट मंद आहे. एलईडी लावू?

जुन्या अनेक गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटवर (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागावर) चालतो, बॅटरीवर नाही. म्हणून सिग्नलला उभं राहिल्यावर तो मंद होतो. अशा गाडीत साधा एलईडी लावला तर तो लुकलुकतो. आधी अर्थिंगचा जोड घासून साफ करा, रिफ्लेक्टर काळा पडला असेल तर बदला, चांगला बल्ब लावा. मोठे हॉर्न आणि जादा लाइट लावून वायरिंग कापू नका. जुन्या गाडीतल्या इलेक्ट्रिकच्या तक्रारींत मला सगळ्यात जास्त हेच दिसतं.

पार्ट कंपनीचाच घ्यावा का? लोकल निम्म्या किमतीत मिळतो.

ब्रेक लायनर, केबल, चेन सेट, क्लच प्लेट, पिस्टन-रिंग, बेअरिंग: कंपनीचा किंवा कंपनीला माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या ब्रँडचा. आरसा, फुटरेस्टचं रबर, साइड पॅनल, सीट कव्हर: लोकल चालेल. खोक्यावर पार्ट नंबर, छापील किंमत आणि होलोग्राम बघा, आणि बिल घ्या. हिरो आणि होंडा वेगळे झाले, २०११ पासून नाव हिरो मोटोकॉर्प आहे. त्यामुळे आजही कोणी "हिरो होंडा ओरिजिनल" लिहिलेलं चकचकीत नवं खोकं देत असेल तर सावध राहा.

काढलेला जुना पार्ट परत मागा. चांगला मेकॅनिक स्वतःहून हातात देतो. मला गॅरेज निवडायची हीच सगळ्यात खात्रीची खूण वाटते, शोरूम असो की कोपऱ्यावरचं दुकान.

घरी किती काम करू शकतो?

ऑइल, प्लग, फिल्टर, चेन, ब्रेकची ढील, केबलला ऑइल. प्लग पाना, रिंग पान्यांचा छोटा सेट, फिलर गेज आणि हवेचं गेज पुरतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करत असाल तर खाली पुठ्ठा घाला. काढलेलं ऑइल नाल्यात ओतू नका. आपल्या नाल्यांचं पाणी शेवटी ठाण्याच्या खाडीत जातं, जिथे फ्लेमिंगो येतात आणि आगरी-कोळी माणसं मासेमारी करतात. बाटलीत भरून गॅरेजला द्या, तिथून ते जुनं ऑइल घेणारे उचलतात.

पंधरा वर्षांनंतर कागदांचं काय?

दिल्लीसारखी वयावरची बंदी महाराष्ट्रात नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपण्याआधी फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी वाढवता येते. ठाण्याच्या आरटीओचा कोड एमएच ०४, नवी मुंबईचा एमएच ४३, कल्याणचा ०५, पनवेलचा ४६. सोबत पर्यावरण कर भरावा लागतो. उशीर झाला की महिन्यागणिक दंड चढतो. २० वर्षांपुढच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये वाढवून २,००० रुपये केलं, हेही हिशेबात धरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. पीयूसी बीएस ४ आणि पुढच्या गाड्यांना वर्षाची, त्याआधीच्यांना सहा महिन्यांची. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे.

गाडी दाखवायला नेण्याआधी हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट चालू करा आणि चेसिस नंबरवरचा गंज घासून आकडे वाचता येतील असे ठेवा. नंबर वाचता न आल्यामुळे फेरी फुकट जाते.

दोन-तीन महिने गावी जातोय. गाडी कशी ठेवू?

टाकी पूर्ण भरा म्हणजे आतून गंजायला जागा राहत नाही. कॉक बंद करा, कार्ब्युरेटरची वाटी रिकामी करा, बॅटरीची वायर काढा, मेन स्टँडवर लावा. प्लास्टिकचं घट्ट कव्हर नको, आत घाम धरतो. सुती कापड टाका. परत आल्यावर प्लग काढून दोन थेंब ऑइल सोडा, चार-पाच किक प्लगशिवाय मारा आणि मगच चालू करा.

शेवटी काढायचीच ठरली, तर भंगारवाल्याला देऊ?

थेट नको. गाडी तुमच्या नावावर असेपर्यंत तिचं चलान आणि तिने झालेला अपघात तुमच्याकडे येतो. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं. ते घेऊन आरटीओत आरसी रद्द करून घ्या. चालती गाडी विकत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून, नाव बदलल्याचं ऑनलाइन दिसेपर्यंत पाठपुरावा करा. खरेदीदार ओळखीचा असला तरीही.